रेडिओनं वर्गणी मागितली

माझ्या घरी रेडिओ आणि शिलाई मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत. पोरं शाळेत गेली, हे वावरात गेले की मी बटन दाबते आणि मशीनचा दिवा अन् रेडिओ सोबतच सुरू होतात, असं आता अकरा वर्षांपासून चालू आहे. गावात माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं काम आहे. लोक म्हणतात मोबाईलवर यूट्यूब लावत जा ना, पण ज्या बाईनं कटोरी ब्लाउज शिवलं आहे तिला माहीत आहे की डोळे सुईवरून हलवता येत नाहीत, दोन्ही हात कापडात, पाय पायडलवर, मोकळे राहतात ते फक्त कान. त्या कानांत अकरा वर्षं एकच एफएम आहे, शहरातलं प्रायव्हेट, त्याचा टॉवर आमच्या गावापासून चाळीसेक किलोमीटर असेल. आमचा हा वऱ्हाडातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा भाग, सपाट आहे, मधात डोंगर नाही का टेकडी नाही, म्हणून आवाज स्वच्छ येतो, तिकडे मेळघाटात माझी बहीण दिली आहे तिच्याकडे हेच स्टेशन अजिबात लागत नाही. स्टेशनचं नाव नाही लिहीत, कारण पुढे थोडी तक्रार पण करणार आहे आणि त्यांचं नाव खराब करायचं माझ्या मनात नाही.

तर मागच्या मंगळवारी अस्तर जोडून राहिली होती, गाणं संपलं आणि सकाळचा आरजे दादा गप्प. एफएमवाले गप्प कधीच राहत नाहीत, दोन गाण्यांमधात सुद्धा मागे म्युझिक वाजत असतं. मला वाटलं लाईट गेली, वर पाहिलं तर मशीनचा दिवा सुरूच. मग तो बोलला. रोजचा तो उड्या मारणारा आवाज नव्हता. म्हणाला, आज तुम्हाला एक मागणं आहे, आणि मला हे कसं मागावं ते समजून नाही राहिलं. मग सांगितलं की जाहिराती कमी झाल्या, २०२० च्या लॉकडाऊननंतर धंदा जो बसला तो पुरता उठलाच नाही, स्टाफ कमी केला, रात्रीचं प्रसारण बंद केलं, तरी भागत नाही, तर तुम्ही ऐकणाऱ्यांनी जमेल तेवढी मदत पाठवा, दहा रुपये पाठवले तरी चालतील. यूपीआयचा नंबर दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा हळू, एकेक आकडा सुटा करून, जसं आपण म्हाताऱ्या माणसाला फोन नंबर लिहून देतो तसं. आणि लगेच पुढे सोनाराच्या दुकानाची जाहिरात लागली.

मी मशीन बंद केलं. त्या बाईला ब्लाउज संध्याकाळी पाहिजे होता पण माझ्यानं पंधरा-वीस मिनिटं काही झालं नाही. अकरा वर्षं जो माणूस रोज सकाळी घरात येऊन बोलतो त्यानं असं दारात उभं राहून मागितलं की कसंतरीच होतं.

संध्याकाळी ओट्यावर हाच विषय. शेजारच्या काकू म्हणाल्या, "देऊन टाक ना माय, पोरगं तोंडानं मागून राहिलं." आमचे हे वावरातून आले, पाय धुता धुता ऐकलं आणि म्हणाले, "कंपनी आहे ना बाप्पा ते? नफा झाला तवा आपल्याले वाटला होता का? मंग आता तोटा झाला तं आपल्या दारात काऊन?" यांचं बोलणं मला पटलं पण आणि लागलं पण. कारण खरंच, ती कंपनी आहे. देवस्थान नाही, संस्था नाही, अनाथाश्रम नाही. आपण दिलेल्या पैशाची पावती जरी त्यांनी दिली तरी ती आयकरात सूट मिळणारी पावती नाही होऊ शकत, धंदा करणाऱ्या कंपनीला दिलेला पैसा कायद्यानं धर्मादाय होत नाही. मग त्याला म्हणायचं काय? दान? मदत? भीक तर नक्कीच नाही.

हे सगळं चालू असताना मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजेवर बसून ऐकत होते. ते उठले, आत गेले, पेटी उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ लागला त्यांना. बाहेर आले तर हातात एक छोटंसं पुस्तक, बँकेच्या जुन्या पासबुकाएवढं, कडा उंदरानं खाल्लेल्या, आत पानोपानी तिकिटं चिकटवलेली आणि त्यावर पोस्टाचे गोल शिक्के. मला वाटलं बचतीचं काही असेल. ते म्हणाले, "हे पाय. रेडिओचं लायसन. म्या तं रेडिओले पैसे पयलेच भरले आहेत."

मला हे माहीतच नव्हतं. माझ्या वयाच्या कोणालाच माहीत नसेल. तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन काढावं लागे, ब्रॉडकास्ट रिसीव्हर लायसन, आणि दरवर्षी त्याची फी भरून पुस्तकात तिकीट लावून शिक्का मारून आणावा लागे. मामाजी म्हणतात वर्षाचे १५ रुपये. त्या वेळी सालदाराला काय मिळायचं ते पाहता १५ रुपये थोडे नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यात ते लायसन बंद झालं. मामाजींनी त्या पुस्तकावर बोट ठेवून दाखवलं, हे वर्ष मायच्या दुखण्याचं, यावर्षी उशीर झाला तर पोस्टमन घरी येऊन बोलला, हे वर्ष नापिकीचं तरी भरले. मी ते पुस्तक हातात घेतलं, तिकिटांचा रंग उडून गेला आहे, पण शिक्क्यावरचं आमच्या तालुक्याचं नाव अजून वाचता येतं. म्हणजे रेडिओ फुकट असतो ही गोष्टच आपल्या पिढीची आहे. मामाजींच्या पिढीनं पैसे मोजून आकाशवाणी ऐकली.

आणि मग जाहिराती. त्यात पण आपलं नागपूर पहिल्या रांगेत होतं, आकाशवाणीनं विविध भारतीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ ला सुरू केल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. नागपूर केंद्र तर १९४८ पासूनचं. प्रायव्हेट एफएम खूप नंतरचं, देशातलं पहिलं २००१ मध्ये बेंगळुरूला सुरू झालं आणि आपल्या इकडे यायला अजून वेळ लागला. तेव्हापासून हिशोब सरळ होता, ऐकणारा फुकट ऐकेल आणि दुकानदार त्या ऐकणाऱ्याच्या कानाचे पैसे भरेल. बियाणेवाले जूनच्या आधी, साड्यांचे शोरूम लग्नसराईत, कोचिंग क्लासवाले निकालाच्या दिवसांत, ट्रॅक्टरवाले दसरा-दिवाळीला. आता तेच साडीवाले दुकानातल्याच पोरीला उभी करून रील काढतात आणि पाच-सातशे रुपयांत इन्स्टावर बूस्ट करतात. त्यांचं पण चूक नाही. माझ्याच फॉल-पिकोची जाहिरात मी व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकते, रेडिओवर नाही टाकत, मग मी कोणत्या तोंडानं दुकानदाराला बोलू.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनला फोन लावला. पैसे पाठवायच्या आधी विचारावं म्हटलं. फोन दुपारच्या ताईनं उचलला, तीच जिचा आवाज मी रोज दोन ते चार ऐकते, ती हॅलो म्हणाली तर मी आधी काही बोललेच नाही. ताई, मी अमुक गावची, शिवणकाम करते, तुमचं स्टेशन ऐकते, असं सांगून मग सरळ विचारलं की एवढा खर्च कशाचा आहे हो, गाणी तर कॉम्प्युटरच लावतो ना?

तिनं बिचारीनं फार नीट सांगितलं. तिनं सांगितलेलं आणि मी नंतर रात्री मोबाईलवर वाचलेलं दोन्ही मिळून लिहिते, कारण हे गावात कोणालाच माहीत नाही. पहिलं म्हणजे सरकारनं ही फ्रिक्वेन्सी लिलावात विकलेली असते. २०१५ च्या लिलावापासून लायसन १५ वर्षांचं आहे. लिलावात बोलीची रक्कम भरायची ती भरायचीच, वर दरवर्षी फी, एकूण कमाईच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या बोलीच्या रकमेच्या २.५ टक्के, यात जे जास्त असेल ते. ही "जे जास्त असेल ते" ची मेख कास्तकाराला समजावून सांगायची गरज नाही. मक्त्यानं वावर केलं की पीक येवो न येवो, बोंडअळीनं खाऊन टाकलं तरी मक्ता द्यावाच लागतो, बटईसारखं नसतं की अर्ध्याचं अर्धं. एफएमवाल्यांचं वावर मक्त्याचं आहे. कमाई अर्धी झाली तरी खालची पायरी तिथंच.

मग टॉवर. बहुतेक ठिकाणी टॉवर यांचा स्वतःचा नसतो, आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी प्रसार भारतीचा असतो, त्याचं भाडं. ट्रान्समीटर किलोवॅटमध्ये आहे, तो चोवीस घंटे चालला तर चोवीस घंटे वीज खातो, त्याला थंड ठेवायला एसी, लाईट गेली तर जनरेटर आणि डिझेल. गाण्यांचे पैसे वेगळे, प्रत्येक गाण्यामागे कंपनी आहे, लिहिणारा आहे, चाल लावणारा आहे, त्यांचा हक्क आहेच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. आणि मग पगार. ताई म्हणाली, आधी आम्ही एवढे होतो की दुपारचा डबा दोन टेबलांवर बसून खायचो, आता एका टेबलावर जागा उरते.

बातम्या तरी द्या ना, लोक बातम्यांसाठी ऐकतील, मी म्हटलं. तर प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची तेवढी परवानगी आहे. हवामान, परीक्षेचे निकाल, नोकरीच्या जागा, वीज-पाणी बंदच्या सूचना, पूर-वादळाचा इशारा एवढं चालतं. म्हणजे आमच्या गावात नाल्याला पूर आला हे त्यांना प्रशासनाच्या सूचनेत आलं तर सांगता येतं, पण पूल का वाहून गेला ते विचारता येत नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. यूट्यूबवर कोणीही उठून काहीही बातमी म्हणून सांगतो, त्याला कोणी अडवत नाही, आणि ज्यानं सरकारला लिलावाचे पैसे भरले त्याच्या तोंडाला कुलूप. गावाला जे ऐकायची गरज आहे तेच रेडिओवर नसेल तर जाहिरातवाला तरी कशाला येईल?

वरून मोबाईल. आधी साध्या फोनमध्ये पण एफएम असायचं, इअरफोनची वायर लावली की तीच अँटेना, पऱ्हाटीचा कापूस वेचणाऱ्या बाया पदरात फोन खोचून ऐकायच्या. आता नव्या कितीतरी फोनमध्ये एफएमच नाही, इअरफोनचं छिद्र पण नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना सांगितलं की एफएम बंद करू नका, चालू ठेवा, पण ती सूचना होती, सक्ती नाही. माझ्या नणदेच्या पोराच्या नव्या फोनमध्ये आम्ही शोधून शोधून थकलो.

आता माझी तक्रार. ती मी ताईला पण सांगितली, तेवढ्याच स्पष्ट.

या स्टेशनवर संध्याकाळी एक घंटा वऱ्हाडी कार्यक्रम व्हायचा. त्यात फोन करून बाया जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, म्हातारी माणसं कोडी घालायची, कोणाच्या घरी कापूस वेचणीची पूजा, सीतादही झाली, कोणाचं बैल हरवलं, सगळं. माझ्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यात एक ओवी म्हटली होती. चार ओळींची. त्यांनी साठ वर्षांत घराबाहेर कधी तोंड उघडून गायलं नव्हतं आणि त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. तो कार्यक्रम एक दिवस काही न सांगता बंद झाला आणि त्या जागी मुंबईहून एक हिंदी शो लागू लागला, एकच शो सगळ्या शहरांत, स्वस्त पडतो म्हणून. त्यात लोकल ट्रेनच्या गर्दीचे किस्से असतात. आम्हाला लोकल ट्रेनचं काय करायचं आहे? बंद केला तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही. आत्याबाईंची ओवी तुमच्याकडे कुठं सेव्ह आहे का म्हणून मी तेव्हा दोन मेसेज केले होते, उत्तर नाही आलं.

म्हणून मी ताईला म्हटलं की बघा, तुम्ही मागता ते मला चुकीचं नाही वाटत. जगात असे रेडिओ आहेत. अमेरिकेत बर्कलीला केपीएफए नावाचं स्टेशन १९४९ पासून ऐकणाऱ्यांच्या पैशावर चाललेलं आहे, मधात पैसे संपून बंद पडलं होतं, लोकांनीच पुन्हा उभं केलं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग २००८ पासून बायांच्या भरवशावर चाललं. पण ते पहिल्या दिवसापासून लोकांचेच होते. तुम्ही इतकी वर्षं दुकानदाराचे होते. आता आमचे व्हायचं असेल तर आमच्यासारखं व्हावं लागेल, आमच्या गावात वर्गणी कशी होते तसं.

आणि वर्गणी कशी होते ते सांगते. आमच्या गावात दरवर्षी सप्ताह होतो. घरटी ठरलेलं असतं, एवढे गहू, एवढी डाळ, एवढे रुपये, विधवेच्या घरी सव्वा रुपया घेतात पण घेतातच, कारण नाही घेतला तर तिला वाईट वाटतं की मला मोजलं नाही. काल्याच्या दुसऱ्या दिवशी मारोतीच्या देवळासमोर हिशोब वाचतात. उभं राहून, मोठ्यानं. जमा इतके, खर्च इतका, मंडपवाला, भांडेवाला, महाराजांचं पाकीट, तेलाचे पिपे, उरले इतके. एका वर्षी ४० रुपये जुळत नव्हते तर रात्री साडेदहापर्यंत लोक उठले नाहीत, शेवटी निघालं की कापूर आणि अगरबत्तीचं लिहायचं राहिलं होतं. मग तो हिशोब देवळाच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवतात, पाऊस येऊन पुसून जाईपर्यंत तसाच राहतो. ज्यानं सव्वा रुपया दिला तो पण त्या फळ्यासमोर उभा राहून म्हणू शकतो की डाळ काऊन एवढी लागली. हा गाडगेबाबांचा मुलूख आहे. बाबांनी लोकांच्या पैशातून ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः फुटकं गाडगं घेऊन फिरले, म्हणून लोक त्यांना देत गेले.

तर एवढंच म्हणणं होतं माझं. किती पाहिजे ते सांगा. कशाला पाहिजे ते सांगा. आलं किती ते दर आठवड्याला ऑन एअर वाचा, तोच मंगळवारचा दादा वाचेल. आणि बंद पडलं तर उरलेल्याचं काय करणार ते आधीच सांगा. आणि मुंबईच्या शोच्या जागी निदान अर्धा घंटा आमची भाषा परत द्या. ताई म्हणाली, हे मॅनेजमेंटला सांगते, मी एकटी ठरवू नाही शकत. मी म्हटलं सांगा, मी वाट पाहते.

खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त जे परत पाहिजे ते दुसरंच आहे. रात्र.

आमच्या वावरात आत्ता तूर उभी आहे आणि खाली हरभरा. कार्तिकापासून जागल सुरू होते. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, एका रात्रीत एकराचा हरभरा मुळासकट उपटून टाकतात, कळपानं येतात. कुंपणाला पैसा नाही, झटका मशीन सगळ्यांना परवडत नाही, मग माणसानं जागायचं. मामाजी एकाहत्तरचे आहेत, तरी हट्टानं तेच जातात, म्हणतात तुम्ही दिवसा राबा मी रात्री पाहतो. धुऱ्यावर बोरीजवळ मचाण आहे, चार बल्ल्या, वर फराटीची ताटी, वर ताडपत्री. त्याच्या आडव्या बांबूला तारेनं रेडिओ लटकवलेला, दोन मोठे सेल टाकलेला, आवाज पूर्ण. तो मामाजी ऐकतात पण आणि जनावर पण ऐकतं. माणसाचा आवाज आला की डुक्कर थबकतं, लगेच पुढं येत नाही. आमच्या शिवारात दहा-बारा मचाणींवर असाच रेडिओ, सगळ्यांचा काटा याच स्टेशनवर, कारण आकाशवाणीचं रात्रीचं प्रसारण अकराच्या सुमारास संपतं आणि हे रात्रभर चालू असायचं. थंडीत आवाज दूर जातो. मी एकदा रात्री डबा द्यायला गेले होते तर एकच गाणं चारी दिशेनं येत होतं, थोडं पुढं-मागं, जसं वावरच गाऊन राहिलं आहे.

खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी दिवाळीनंतर रात्री अकरा ते सकाळी सहा प्रसारण बंद केलं. शहरात बसून बरोबरच आहे, रात्री दोन वाजता कोण ऐकतं, जाहिरात तर एकही नसते. त्यांच्या कोणत्याही कागदावर आमची मचाण नसेल. बंद झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या रात्री आमच्या हरभऱ्याचा वरचा कोपरा गेला, पेऱ्याच्या चार-पाच ओळी उलट्यासुलट्या. रेडिओ नव्हता म्हणूनच गेला असं मी म्हणणार नाही, रेडिओ असताना पण कधी कधी गेला आहे. पण मामाजी सकाळी आले, चहा घेतला नाही, म्हणाले, "आवाज बंद झाला अन् माह्या डोया लागला." त्यांना जनावरापेक्षा त्याचं जास्त लागलं होतं. रेडिओ त्यांना जागं ठेवत होता.

मी हे पण ताईला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आम्हाला हे माहीतच नव्हतं हो ताई." माहीत कसं असणार. कोणी मचाणीवरून मिस कॉल देत नाही.

शुक्रवारी आमच्या बचत गटाची मीटिंग होती. मी विषय ठेवला. आधी सगळ्या हसतील वाटलं पण नाही हसल्या, कारण बारापैकी सात जणींच्या घरचं कोणी ना कोणी जागलीला जातं. अर्धा घंटा बोलणं झालं. एक जण म्हणाली गटाचा पैसा कंपनीला द्यायचा ठराव कसा लिहायचा, उद्या ऑडिटला काय सांगायचं, तिचं बरोबर होतं, म्हणून गटाच्या खात्याला हात न लावता प्रत्येकीनं आपापले ५० रुपये काढले, एक जण म्हणाली माझे पुढच्या शुक्रवारी. वेगळ्या वहीत लिहिलं. वर काय लिहायचं यावर पण बोलणं झालं, दान लिहायचं का मदत, शेवटी काकूंनी सांगितलं ते लिहिलं: रेडिओ वर्गणी, जागलीसाठी. मामाजींनी स्वतःचे १०० वेगळे दिले, म्हणाले माह्यं लायसन धर. पैसे अजून पाठवले नाहीत, माझ्याजवळ डब्यात आहेत. स्टेशननं हिशोब वाचायचं कबूल केलं की पाठवणार, आणि रात्रीच्या विजेला महिन्याला नेमकं किती लागतं तो आकडा सांगितला की आजूबाजूच्या गावांत पण फिरणार आहोत, मचाणी तर सगळीकडेच आहेत.

एक सांगायचं राहिलं, आमच्या गावच्या ग्रुपवर परवा एक स्कॅनर फिरून राहिला होता, वर त्याच स्टेशनचा फोटो, पण ताईला विचारलं तर तो त्यांचा नाहीच. असं कोणी मागितलं की लगेच त्याच्या आडून चोर पण उभे राहतात. आरजेनं स्वतः ऑन एअर सांगितलेला नंबर असेल तरच पाठवा, नाहीतर फोन करून विचारा, उचलतात ते फोन.

अजून एक गोष्ट मनात येत राहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं २३४ नव्या शहरांत ७३० एफएम चॅनल लिलावाला काढायला मंजुरी दिली, त्यात आपल्याकडचं यवतमाळ आहे, वर्धा आहे, चंद्रपूर, गोंदिया, अचलपूर आहे. यांच्यासाठी वर्षाची फी सरळ ४ टक्के ठेवली आहे, ती मक्त्याची पायरी काढली, हे चांगलंच केलं. पण उद्या अचलपुरात नवं स्टेशन आलं आणि त्यानं पण दोन वर्षांनी मुंबईचाच शो लावला तर ते पण एक दिवस असंच गप्प होऊन नंबर सांगेल. जे कोणी ही स्टेशनं घेणार असतील त्यांनी एकदा रात्री कोणत्याही शिवारात येऊन उभं राहावं. थंडीचं यावं, स्वेटर घालून.

काल शनिवारी मीच डबा घेऊन गेले मचाणीवर, यांना ताप होता. भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मामाजी जेवले. खाली शेकोटी, वर रेडिओ सुरू, जुनी गाणी लागली होती. अकराला पाच कमी असताना त्या ताईचाच आवाज आला, रेकॉर्ड केलेला, की आजचं प्रसारण इथं संपत आहे, उद्या सकाळी सहाला भेटू. मग एक क्षण काहीच नाही आणि मग खरखर सुरू झाली. आजूबाजूच्या मचाणींवरचे रेडिओ एकेक करून बंद झाल्याचं ऐकू येत होतं. मी बटनाकडे हात नेला तर मामाजींनी अडवलं.

"राहू दे," म्हणाले, "खरखर बी आवाजच आहे."

सोमवारी फोन करते म्हणाली आहे ताई.